मामाच्या गोळ्या

नांदेड
११ जानेवारी २००९

वैजनाथअण्णा,

तीन दिवसांत तू चौदा वेळा फोन केलास. मी उचलला नाही. वॉर्डात बारा खाटा आहेत आणि तुझ्याशी बोलायला लागले तर माझा आवाज बाराव्या खाटेपर्यंत जाईल. शिवाय फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला मध्येच "सिंधु, आधी माझं ऐक" म्हणता येणार नाही. म्हणून लिहिते.

ज्ञानूचं वजन चौतीस किलो भरलं. जूनमध्ये तिला लातूरला तुझ्या वसतिगृहात नेऊन सोडलं तेव्हा सेहेचाळीस होतं. मी अंगणवाडीत दर महिन्याला लोकांची लेकरं काट्यावर घालते. कुणाचं पाव किलो उतरलं तरी घरी जाऊन त्याच्या आईला बोलते. माझी स्वतःची पोर बारा किलोंनी उतरली आणि मला ते सांगितलं कुणी? सख्ख्या मामानं नाही. तुझ्या मेसमध्ये स्वयंपाक करणाऱ्या हुसेनबीनं.

होय, तिनंच फोन केला. तुला संशय आहेच, तर खात्री करून घे. एक रुपया टाकायच्या फोनच्या डब्यावरून बोलली. "बाई, पोरगी दिवसातून पंधरा-सोळा डाव संडासला जाऊन राहिली. रक्त पडून राहिलं. सर म्हणतेत टेन्शन हाय. टेन्शननं रक्त पडतं का बाई? उद्या नको, आजच या."

मी आले तेव्हा तू ऑफिसात होतास. हसलास. म्हणालास, "अगं, बारावीच्या पोरींना हे होतंच. पेपर झाले की ठणठणीत." मी वर गेले. ज्ञानू संडासाच्या दाराबाहेर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर फिजिक्सची वही उघडी. खोलीत जाऊन परत यायला तिला वेळच मिळत नव्हता, म्हणून तिनं तिथंच बस्तान मांडलं होतं. तुझ्या वसतिगृहात साठ पोरी आहेत, त्या तिला ओलांडून जात होत्या. आणि तू खाली बसून टेन्शन म्हणतोस.

लातुरात का दाखवलं नाही, असं तू मेसेजमध्ये विचारलंस. लातुरातले निम्मे डॉक्टर तुला नावानं ओळखतात, म्हणून. हुसेनबीचा भाचा मुज्तबा इथं पोटाचा डॉक्टर आहे. तुझ्या ओळखीचा नाही, एवढ्यासाठीच मी चार तास एसटीत पोरीला मांडीवर घेऊन आले. गाडी सहा वेळा थांबवावी लागली. सातव्यांदा कंडक्टरनं गाडी थांबवायला घंटी वाजवली नाही.

डॉक्टरांनी विचारलं, सहा महिन्यांत कोणकोणती औषधं घेतली? ज्ञानूनं दप्तर पलंगावर उलटं केलं. ती काही टाकत नाही, तुला माहीत आहे. गोळ्यांची सात रिकामी पाकिटं निघाली. डॉक्टरांनी ती ओळीनं मांडली.

"ही कोणी दिली?"

"मामांनी."

"मामा डॉक्टर आहेत?"

ज्ञानूनं माझ्याकडे बघितलं. मग मी म्हणाले, "औषध कंपनीत होते. डॉक्टरांना गोळ्यांची माहिती देत फिरायचे." ते चष्मा काढून पुसत बसले. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि लाज वाटायला पाहिजे होती ती तुला.

सर्दी झाली, अँटिबायोटिक. घसा धरला, अँटिबायोटिक. पाळीत ओटीपोट दुखलं, तरी तेच! ऑफिसच्या खणातला तो बिस्किटाचा डबा मी पाहिला. कुणी शिंकलं की डबा उघडायचा, कारण क्लास बुडायला नको.

डॉक्टर म्हणाले, "ताई, आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. बहुतेक कामाचे. ते अन्न पचवायला मदत करतात, वाईट जंतूला जागा मिळू देत नाहीत. ही गोळी मारताना चांगला-वाईट बघत नाही. सात वेळा मारलंय. चांगले मेले, आणि एक असा उरला की ज्याला या गोळ्यांनी काही होत नाही. त्याला अडवायला आता कुणी नाही. तो आतड्याचं अस्तर सोलतोय."

सलाईन चालू आहे. ताप उतरलेला नाही.

उत्तर लिहू नको.

सिंधु


नांदेड
२० जानेवारी २००९

अण्णा,

उत्तर लिहू नको म्हटलं तर तू पार्सल पाठवलंस. कॅप्सूलचे सहा डबे आणि चिठ्ठी. "यात चांगले जंतू आहेत. गेलेले परत येतील. आठवड्यात उभी राहील. प्रिलिम गेली तर जाऊ दे, बोर्ड धरू. वसतिगृहाचं नाव डॉक्टरांजवळ काढू नको." पाच वाक्यं. त्यात "ज्ञानू कशी आहे" हे कुठंच नाही.

डबे मी भिंतीवर फेकणार होते. पण पोरीचा प्रश्न आहे म्हणून डॉक्टरांपुढे नेऊन ठेवले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "प्रोबायोटिक म्हणतात याला. जिवंत जंतू असतात, खोटं काही नाही. काही आजारांत उपयोग होतो. पण इतक्या अशक्त पेशंटला मी हे आत्ता देणार नाही, फायद्याऐवजी अपायसुद्धा होऊ शकतो. आधी माजलेला जंतू आटोक्यात येऊ द्या. त्याला नेमकी गोळी आहे, ती चालू केलीय."

गोळी म्हणताच मी उभी राहिले. म्हणाले, "पुन्हा अँटिबायोटिक? डॉक्टर, मी देऊ देणार नाही." वॉर्डातल्या सगळ्या बाया बघायला लागल्या. ते शांतपणे म्हणाले, "ताई, चूक गोळीची नव्हती. कुणी, कशाला, किती वेळा दिली, ती चूक होती." मी खाली बसले.

मग मी विचारलं, दही देऊ का, ताक देऊ का? म्हणाले, "दही चांगलंच. पण दह्यानं हा आजार बरा होत नाही, आणि बरा होतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पोट सावरलं की द्या. आणि नुसते जंतू पोटात सोडून भागत नाही. त्यांना खायला लागतं. ज्वारी, डाळी, कांदा, लसूण, केळी, यांतला जो भाग आपल्याला पचत नाही तो त्यांचं जेवण असतो. त्याला प्रीबायोटिक म्हणतात. वसतिगृहात पोरगी काय खात होती?"

काय खात होती, अण्णा? सकाळी ब्रेड, दुपारी पांढरा भात आणि बटाट्याची पातळ भाजी, संध्याकाळी पाकिटातल्या शेवया. सहा महिने. हुसेनबीनं तुला ज्वारीची भाकरी आणि ताक सुचवलं तेव्हा तू म्हणालास, "भाकरी खाऊन पोरी पेंगतात आणि ताकानं सर्दी होते." सर्दी झाली की डबा तयारच होता.

परवा तू हुसेनबीला कामावरून काढलंस. ती इथं येऊन ज्ञानूच्या पायाशी बसली होती. तुझ्याबद्दल एक वाईट शब्द बोलली नाही. तेवढं मी बोलले.

आता ती गोष्ट लिहिते, जी आपण दोघं पंधरा वर्षांत एकदाही बोललो नाही. त्र्याण्णव साली भूकंपात गाव पडलं त्या सकाळी तू लातूरहून मिळेल त्या वाहनानं आलास. माझा नवरा गेला होता, सासू गेली होती. माझ्या अंगावर दगडमातीची अख्खी भिंत होती आणि छातीशी दोन वर्षांची ज्ञानू. मदतीला आलेले जवान गावाच्या दुसऱ्या टोकाला होते. तू एकट्यानं उकरलंस. दुपारी मी बाहेर आले तेव्हा तुझ्या बोटांना नखं उरली नव्हती.

म्हणून मी तुझ्यापुढे कधी आवाज चढवला नाही. तू म्हणालास पोरीला डॉक्टर करू, मी हो म्हटलं. तू म्हणालास गावात ठेवून तिचं काही होणार नाही, मी हो म्हटलं. वहिनी मला चारचौघांत "आमची भूकंपवाली" म्हणायची, तेही ऐकून घेतलं. तू माझा जीव वाचवलास, त्यामुळे तुझं काही चुकू शकतं असं मला वाटतच नव्हतं.

तुझे डबे नर्सबाईंकडे ठेवलेत. येऊन घेऊन जा.

सिंधु


गाव
६ फेब्रुवारी २००९

अण्णा,

आम्ही घरी आलो. एकोणतीसला सोडलं. रक्त थांबलंय, ताप नाही. दिवसातून पाच-सहा वेळा जाते.

हे पत्र लिहायला मी आठ दिवस लावले. पहिल्या पत्रात मी तुला खोटं सांगितलं. फोन न उचलण्याचं कारण माझा आवाज नव्हता. तू फोनवर एक गोष्ट बोलशील याची मला भीती होती. तू ती अजून बोलला नाहीस. कदाचित विसरलास, कदाचित दया केलीस. दोन्ही मला नकोत, म्हणून मीच लिहिते.

नोव्हेंबरात, रविवार होता, ज्ञानूचा फोन आला. "आई, पोट लई दुखायलंय. आठ दिस झाले. मी दोन दिस घरी येऊ?" मी म्हणाले, "आता नको. प्रिलिम तोंडावर आली. मामाला सांग, गोळी देईल." मग मी तुला फोन लावला आणि म्हणाले, "अण्णा, काय द्यायचं ते दे, पण तिला घरी पाठवू नको. इथं आली की अभ्यास बसला."

मी म्हणाले हे. लोकांच्या पोरांची वजनं करणारी मी.

सातातली शेवटची तीन पाकिटं त्या फोननंतरची आहेत. मी तारखा लावून बघितल्या.

ज्ञानूला सगळं आठवतं. दवाखान्यात तिनं मला सगळं करू दिलं, अंग पुसू दिलं, पण घरी आल्यावर चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मी भांडी घासताना पाठीमागून म्हणाली, "आई, मामावर एवढी वरडतीस. तुला म्या फोन केला होता." मी वळून बघितलं नाही. राखेचा हात तसाच ताटावर फिरवत राहिले.

आणखी एक सांगते. डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, हळूहळू खायला द्या, एकेक पदार्थ वाढवा. मी काय केलं? पहिल्याच दिवशी ज्वारीची आंबील, वाटीभर दही, मोड आलेले मूग, कोबी, कच्चा कांदा, लसणाची चटणी. म्हटलं, चांगल्या जंतूंना भरपूर खाऊ घालू, चटकन वस्ती होईल. तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि पोर कळवळायला लागली. मला वाटलं आजार उलटला. फोनवर डॉक्टर मुज्तबा म्हणाले, "ताई, ज्याच्या पोटात महिनाभर काही टिकलं नाही, त्याला तुम्ही लग्नाची पंगत वाढलीत. ते जंतू हे खातात तेव्हा गॅसही तेच करतात. सगळं थांबवा. ताप आला किंवा पुन्हा रक्त दिसलं तर त्याच पावली इकडे या. नाहीतर मऊ भात, पातळ वरण. चार दिवसांनी चार चमचे आंबील. मग आठ."

म्हणजे घाई ही तुझ्या एकट्याची नाही. आपण दोघं एकाच आईची लेकरं.

पण म्हणून तुला सूट मिळाली असं समजू नको. मी अडाणीपणानं म्हणाले, तू जाणून दिल्यास. तुला त्या गोळ्यांची नावं, ताकद, परिणाम सगळं पाठ होतं. त्यावरच तुझं पोट चाललं होतं.

सिंधु


गाव
१७ फेब्रुवारी २००९

अण्णा,

परवा तू येऊन गेलास. शेजारच्या कोंडाबाई म्हणाल्या, "भाऊ आला आन् चहाबी न पिता गेला व्हय?" मी म्हणाले, त्याला घाई होती.

तुझ्या खिशात ज्ञानूचं हॉल तिकीट होतं. तू पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत ते तिच्यापुढे धरलंस. "नुसतं बस. पास होण्यापुरतं लिही. सीईटी मेमध्ये आहे, तोवर तब्येत सुधारंल. वर्ष वाया घालवू नको, बाळा."

ती काय म्हणाली ते लिहून ठेवते, कारण तू घाईत निघालास. "मामा, तीन तासाच्या पेपरात मला तीनदा उठावं लागंल. वर्गातली पोरं बघतेल. तुमी बसून दाखवा असं."

मग तू तिला सोडून माझ्याकडे वळलास आणि ते बोललास. "सिंधु, तुम्हाला दोघींना दगडाखालून काढलं ते हे बघायला का?"

अण्णा, पंधरा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. कधीतरी तू ते म्हणशील हे मला ठाऊक होतं. तरी उत्तर ज्ञानूनं दिलं. "मामा, ते आईचं आन् तुमचं. मी दोन वर्षांची होते. मला काढा असं मी म्हणलं नव्हतं." तिनं आवाज चढवला नाही. तू उठलास.

तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मी पाहिलं. मला वाईट वाटलं नाही. वाटेल असं वाटलं होतं.

आता माझं ऐक. तुझ्या वसतिगृहात अजून एकोणसाठ पोरी आहेत आणि डबा खणात आहे. त्यांच्या आईबापांना काही माहीत नाही. येत्या रविवारी, बावीस तारखेला, परीक्षेआधीची शेवटची भेट आहे. सगळे पालक येतील. तू त्यांना सांग. नाही सांगितलंस तर मी फाटकात उभी राहून सांगेन. पाकिटं माझ्याजवळ आहेत.

सिंधु


गाव
५ एप्रिल २००९

अण्णा,

त्या रविवारी फाटकापाशी काय झालं ते तुला निम्मंच माहीत आहे. तू उशिरा खाली आलास.

मी सकाळी नऊपासून उभी होते. सात पाकिटं हातात. येईल त्या पालकाला सांगत होते, तुमच्या पोरीला इथं गोळ्या देतात का विचारा. कोणत्या, किती, कुणाच्या सांगण्यावरून, ते विचारा. माझ्या पोरीचं हे झालं. मला वाटलं होतं, गर्दी जमेल, लोक चिडतील.

बिलोलीचे एक गृहस्थ होते, शाळामास्तर. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुमचं खरं असंल. पण चार दिवसांवर पेपर. हे आताच काढायचं का? पोरींचं मन विचलित होतं." एक बाई म्हणाली, "आमच्या पोरीला तर गोळीनं लगेच बरं वाटतं." कंधारच्या एका बापानं मला हात जोडले आणि बाजूला व्हायला सांगितलं, त्याला पोरीला जेवणाचा डबा द्यायचा होता. तुझा वॉचमन मलप्पा मला हटवायला आला, तेव्हा कुणी मध्ये पडलं नाही. त्यानंच स्वतःहून हात मागे घेतला.

मग तू पायऱ्यांवर आलास. त्याच मास्तरांनी तुला विचारलं, "सर, ही बाई म्हणते ते खरं आहे का?"

तू माझ्या हातातल्या पाकिटांकडे बघितलंस. मी तुला ओळखते. मला वाटलं, आता म्हणशील की बहीण आहे, भूकंपापासून तिचं डोकं ठिकाणावर नाही. वहिनी तुझ्यामागे उभी होती आणि तिला तेच ऐकायचं होतं. तू म्हणालास, "खरं आहे. माझी भाची आहे ती. डॉक्टरला न विचारता मी दिल्या. तुमच्या पोरींनाही दिल्या."

एवढंच. दोन पालकांनी पोरींची नावं काढून घेतली. बाकीचे थोडा वेळ कुजबुजले आणि मग डबे घेऊन वर गेले. तुझं कबूल करणंसुद्धा त्यांना परीक्षेच्या आड येणारंच वाटलं.

तेव्हापासून माझ्या रागाचं काय करावं ते मला कळेना. तो तुझ्या एकट्यात मावत नाही. त्या मास्तरांवर आहे, स्टेशन रोडवर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो मिरवणाऱ्या क्लासच्या फलकांवर आहे, माझ्यावर आहे. पण तुझ्या वाट्याचा मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

हुसेनबीचा फोन आला होता. तू तिला परत कामावर बोलवायला तिच्या घरी गेलास म्हणे, आणि तिनं आठवड्यातून चार दिवस भाकरी आणि रोज ताक, ही अट घातल्याशिवाय हो म्हटलं नाही. दुखलंखुपलं तर पोरींना डॉक्टरकडेच न्यायचं, हेही कबूल करून घेतलं. बरं झालं. त्यासाठी मी तुझे आभार मानणार नाही. हे आधीच व्हायला पाहिजे होतं.

परीक्षा झाल्या. ज्ञानू बसली नाही. वजन एकोणचाळीस. अर्धी भाकरी पचते, वरणात लसूण चालतो, दही दुपारी वाटीभर. कच्चा कांदा अजून सोसत नाही. डॉक्टर म्हणतात, पूर्वपदावर यायला वर्ष लागेल, कदाचित जास्त. गोळीनं लवकर होईल का, असं मी या खेपेला विचारलं नाही.

तू मला दोन पत्रं लिहिलीस. वाचली. माफी मागितलीस ती कळली. मी माफ केलं असं लिहायला बसले होते, पण हात पुढे जाईना. खोटं लिहून तुझं समाधान करण्यापेक्षा हे बरं. इथं यायचं तर ये, मी दार लावून घेणार नाही. पण मी हसून बोलेन असं समजू नको.

खाली ज्ञानूला दोन ओळी लिहायच्या आहेत. काय लिहिते ते मी वाचणार नाही.

सिंधु

*

मामा,

आई वाचणार नाही म्हणते, पण वाचेल. वाचू दे.

मला तुमचा राग आहे. आईचा पण आहे, तिचा थोडा कमी होतोय, कारण ती रोज समोर असते. तुमचा कमी व्हायला तुम्ही समोर नाही.

पुढच्या वर्षी परीक्षा देणार आहे, घरून. मेडिकलचं काय ते मी ठरवीन. तुम्ही विचारू नका. आईला पण तेच सांगितलंय.

काल मी एकटीच एसटीनं निलंग्याला जाऊन आले. काम काहीच नव्हतं. स्टँडवर उतरले, वही घेतली, दुसऱ्या गाडीनं परत. येताना गाडी मध्येच बंद पडली, पाऊण तास रस्त्यावर उभी. लोक ड्रायव्हरला बोलायला लागले, एक म्हातारी तर काठी घेऊन उठली. मी खिडकीशी बसले होते.

पूर्ण पाऊण तास, मामा. मला एकदाही खाली उतरावं लागलं नाही.

ज्ञानेश्वरी